डॉक्टर वॉटसन यांची बदनामी

सुशिक्षित मराठी घरांतून 'शेरलॉक होम्स' हे नाव कुशाग्र बुद्धीचा पर्याय म्हणून रूढ झाले आहे, आणि त्याच मापाने 'वॉटसन' हे नाव मठ्ठपणाचा पर्याय म्हणून रूढ झाले आहे. हरवलेली किल्ली ज्याने चटकन शोधून काढली तो होम्स. डोळ्यांसमोरची किल्ली ज्यास दिसली नाही तो वॉटसन. अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. ज्यांनी सर आर्थर कॉनन डॉइल यांची एकही कथा वाचलेली नाही तेही ही वाटणी निःशंकपणे करतात, आणि ज्यांनी पुष्कळ वाचल्या आहेत ते तिला हसून मान डोलावतात. आमचे म्हणणे असे आहे की हा समज केवळ अज्ञानाचा नाही. तो अन्यायाचा आहे. त्यातही तो निरुपद्रवी अन्याय नव्हे. वॉटसन हा कल्पित मनुष्य असल्यामुळे त्यास आपल्या हसण्याने काही इजा होत नाही हे खरे. परंतु हसणाऱ्याची दृष्टी मात्र त्या हसण्याने बिघडते, आणि ती बिघडलेली दृष्टी तो पुढे जिवंत माणसांकडेही वळवितो.

प्रथम फिर्यादी कोण हे पाहू. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकाने, जो स्वतः डिटेक्टिव्ह कथा लिहीत असे, या कथांच्या लेखकांसाठी दहा आज्ञांची एक सनद काढली. तीतील नववी आज्ञा अशा आशयाची आहे की, डिटेक्टिव्हाचा जो मूर्ख मित्र, म्हणजे जो 'वॉटसन', त्याने आपल्या मनात आलेला कोणताही विचार वाचकापासून लपवू नये, आणि त्याची बुद्धी सामान्य वाचकाच्या बुद्धीपेक्षा किंचित, पण अगदी किंचितच, कमी असावी. सनद विनोदाने लिहिली होती. परंतु विनोदाने केलेले कायदे गंभीरपणे पाळले जातात असा अनुभव आहे. पुढे १९३९ ते १९४६ या काळात बेसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस या जोडीचे चौदा बोलपट निघाले. त्यांत ब्रूस महाशयांनी वॉटसनला प्रेमळ परंतु धांदरट, पुटपुटणारा म्हातारा करून टाकले. जगातील कोट्यवधी लोकांनी वॉटसन पाहिला तो हा. पुस्तकातील वॉटसन मागे पडला आणि पडद्यावरचा पुढे आला. नॉक्सने फिर्याद मांडली, ब्रूसने साक्ष दिली, आणि मूळ कागद न उघडताच आपण निकाल देऊन बसलो.

तेव्हा मूळ कागद उघडू. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ए स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरीच्या पहिल्याच पानांत हा गृहस्थ स्वतःची हकीकत सांगतो. लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्याने १८७८ साली घेतली, नेटली येथे लष्करी शस्त्रवैद्याचे शिक्षण घेतले, आणि दुसऱ्या अफगाण युद्धाच्या धामधुमीत तो मुंबईच्या धक्क्यावर उतरला. त्याची पलटण तोवर पुढे निघून गेली होती. तिला त्याने कंदाहारास गाठले. मग तो बर्कशायर पलटणीबरोबर मैवंदच्या लढाईत गेला. ही लढाई कल्पित नव्हे. ती २७ जुलै १८८० रोजी झाली. इंग्रजांच्या बाजूला सुमारे अडीच हजार माणसे होती आणि त्यांतील हजाराच्या आसपास कामास आली. त्या मैदानावर बर्कशायर पलटणीच्या शेजारी मुंबई इलाख्याच्या लष्करातील ग्रेनेडियर आणि जेकब्स रायफल्स या देशी पलटणीही उभ्या होत्या. आपल्या मुलखातून गेलेल्या शिपायांच्या शेजारी डॉइलने आपल्या वॉटसनला उभे केले, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

तेथे जेझेल बंदुकीच्या गोळीने त्याचा खांदा फुटला. तो शत्रूच्या हाती पडावयाचा. पण मरे नावाच्या त्याच्या अर्दलीने त्यास ओझ्याच्या घोड्यावर आडवे टाकले आणि पिछाडीच्या फळीपर्यंत सुखरूप आणले. पेशावरच्या इस्पितळात विषमज्वराने त्यास पुन्हा मृत्यूच्या दारापर्यंत नेले. शेवटी हाडांचा सापळा होऊन, दिवसाला साडेअकरा शिलिंग वेतनावर, तो लंडनमध्ये परतला. ओळखीचे कोणी नाही, प्रकृती ढासळलेली, झोप उडालेली. असा हा मनुष्य बेकर स्ट्रीटच्या बिऱ्हाडात होम्सचा भागीदार होतो. ज्यास आपण दिवाणखान्यात 'भोळा वॉटसन' म्हणून हसतो त्याने सत्ताविशी-अठ्ठाविशीतच पदवी, युद्ध, जखम, ज्वर आणि एकाकीपणा ही सारी पाहून टाकली होती. होम्स गुन्हेगारांच्या कथा जमवून ज्ञानी झाला होता; वॉटसन मरणाऱ्या माणसांच्या अंथरुणाशी बसून झाला होता.

आता आरोपांकडे वळू. पहिला आरोप असा की वॉटसनला दिसत नाही. हा आरोप करणाऱ्याने एक साधा प्रश्न स्वतःस विचारावा: बुटावरचा चिखल, बाहीवरचा डाग, टोपीवरची धूळ हे सारे आपणांस कोणी सांगितले? एकंदर साठ कथांपैकी छपन्न कथांचा निवेदक वॉटसन आहे. होम्सने जे पाहिले ते आपल्यापर्यंत पोहोचले ते वॉटसनच्या डोळ्यांतून आणि लेखणीतून. त्यास दिसत होते. मात्र दिसलेल्यावरून काय निघते हे कळण्यास त्यास वेळ लागत असे. पाहणे आणि अनुमान करणे या दोन निरनिराळ्या शक्ती आहेत. होम्सपाशी दुसरी असामान्य होती. पहिली वॉटसनपाशी नसती तर होम्सची दुसरी आपणांस कधी समजलीच नसती. शिवाय या गृहस्थाने केले काय? आपल्या मित्राचा प्रत्येक विजय जसा नोंदविला तसा स्वतःचा प्रत्येक चुकलेला तर्कही नोंदविला. सगळे उलगडल्यानंतर, सर्व काही माहीत असताना, लेखणी हाती घेऊन बसलेल्या मनुष्यास स्वतःला शहाणे दाखविण्याची किती संधी असते हे प्रत्येक आत्मचरित्रकारास ठाऊक आहे. ती संधी वॉटसनने छपन्न वेळा नाकारली. ज्यास आपले अज्ञान इतक्या स्वच्छपणे लिहिता येते त्यास मूर्ख म्हणणे हे म्हणणाऱ्याच्या शहाणपणाचे लक्षण नव्हे.

महाभारतातील युद्ध आपण पाहतो ते संजयाच्या मुखाने. संजयाने एकही बाण सोडला नाही म्हणून त्यास कोणी षंढ म्हटले नाही, आणि त्याने एकही व्यूह रचला नाही म्हणून त्यास कोणी मठ्ठ म्हटले नाही. संजयाजवळ तर व्यासांनी दिलेली दिव्यदृष्टी होती. वॉटसनजवळ जखमी माणसाचे साधे डोळे होते, आणि तेवढ्यावर त्याने ते काम केले.

स्वतः होम्स यावर काय म्हणतो? तो प्रारंभी कुरकुर करतो. १८९० च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये तो वॉटसनला दोष देतो की, शास्त्रशुद्ध तर्काच्या प्रकरणात तू भावनेचे रंग भरलेस. डॉइलनेच पुढे या कुरकुरीचा निकाल मोठ्या खुबीने लाविला. १९२६ साली त्याने दोन कथा होम्सच्या स्वतःच्या लेखणीतून लिहविल्या: 'द ब्लाँच्ड सोल्जर' आणि 'द लायन्स मेन'. पहिलीत होम्सला कबूल करावे लागते की वाचकाचे मन धरून ठेवावयाचे तर गोष्ट त्या बेताने सांगावी लागते. दुसरीत तो वॉटसन जवळ नसल्याबद्दल हळहळतो. आणि या दोन कथा होम्सच्या उत्तम कथांत सहसा कोणी मोजीत नाही. होम्स तोच, बुद्धी तीच, अनुमानाची पद्धत तीच. मग उणे काय पडले? ज्यांस वॉटसन हा निव्वळ शोभेचा पुतळा वाटतो त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

दुसरा आरोप असा की होम्सवाचून वॉटसन शून्य. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी १९०१-०२ मध्ये क्रमशः आली. होम्सच्या साऱ्या कथांत ती बहुधा सर्वाधिक वाचली गेली असेल. तिच्या मधल्या प्रदीर्घ भागात होम्स नाही. डार्टमूरच्या त्या ओसाड माळावर, वारसाच्या जिवाला धोका असताना, वॉटसन एकटा पहाऱ्यावर आहे. रात्री मेणबत्ती घेऊन खिडकीशी उभा राहणाऱ्या नोकराचे गूढ तो उकलतो. जळालेल्या पत्रावरील दोन अक्षरांवरून तो लॉरा लायन्स या बाईपर्यंत पोहोचतो आणि तिची जबानी घेतो. टेकडीवर दिसलेल्या अनोळखी मनुष्याचा माग काढीत, खिशातले पिस्तूल चाचपीत, तो दगडी झोपडीपर्यंत जातो. आणि तो मनुष्य साक्षात होम्स निघतो. म्हणजे जगातील सर्वश्रेष्ठ डिटेक्टिव्ह वेष पालटून दडला असता त्यास हुडकीत जाणारा मनुष्य कोण, तर हा आपला मंदबुद्धी डॉक्टर! याच कादंबरीच्या आरंभी होम्स त्यास काहीशा तिरकसपणे सांगतो की तू स्वतः तेजस्वी नसलास तरी तेज वाहून नेणारा आहेस. हे वाक्य टीकाकार वॉटसनविरुद्ध पुराव्यात दाखल करतात, आणि पुढची दीडशे पाने दाखल करावयास विसरतात.

तिसरा आरोप अधिक विचारी लोकांचा आहे, म्हणून त्यास आदराने उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात: वॉटसन ही व्यक्ती नाहीच, ती एक युक्ती आहे. नायकाच्या मनातले वाचकापासून लपवून ठेवावयाचे, तरी नायकाला डोळ्यांसमोर ठेवावयाचे, तर मध्ये एक कमी समजणारा निवेदक उभा करावा लागतो. एडगर ॲलन पो याने १८४१ साली 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग'मध्ये ही युक्ती काढली, डॉइलने उचलली, आणि अगाथा ख्रिस्तीने १९२० साली पहिल्याच कादंबरीत पॉयरोच्या शेजारी कॅप्टन हेस्टिंग्ज बसवून ती पुढे चालविली. हे सारे खरे आहे. पण मग एक गोष्ट सांगा: पोच्या त्या निवेदकाचे नाव काय? कोणासही सांगता यावयाचे नाही, कारण पोने त्यास नावच दिले नाही. ती खरोखर युक्ती होती. डॉइलने त्या युक्तीला नाव दिले, जखम दिली, पेन्शन दिली, बायको दिली, राग दिला, संकोच दिला, आणि अशी निष्ठा दिली की शतक उलटून गेले तरी 'वॉटसन' म्हटल्याबरोबर मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. युक्ती आणि पात्र यांतील अंतर ते हेच. घराचा खांब छप्पर तोलण्यासाठी असतो हे कबूल. पण एखाद्या वाड्याच्या खांबावर कोणी सुंदर कोरीव काम केले असेल तर 'तो केवळ खांब आहे' असे म्हणणारा मनुष्य रसिक नव्हे, गवंडीही नव्हे.

निवेदकावरचा हा विश्वास इतका दृढ झाला की १९२६ साली ख्रिस्तीबाईंना 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' ही सबंध कादंबरी त्या विश्वासाच्या पायावर उभारता आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांचा आनंद आम्ही हिरावून घेत नाही. इतकेच म्हणतो की, एखाद्या नाण्याची खोटी नाणी पाडण्याचा मोह होतो तेव्हा मूळ नाणे बाजारात खणखणीत चालत असते.

आता आम्ही वाचकांस आपल्या मुलखात नेतो. पुणे जिल्ह्यात, भोरच्या पुढे, रायरेश्वराच्या परिसरात आंबवडे नावाचे गाव आहे. नागेश्वराचे प्राचीन मंदिर आणि संस्थानी काळातला झुलता पूल पाहण्यासाठी लोक तेथे जातात. परंतु आमच्या विषयाशी ज्यांचा संबंध आहे ती तेथील ठिकाणे वेगळी. याच गावी कान्होजी जेधे यांची समाधी दाखवितात, याच गावी जिवा महालाची समाधी दाखवितात, आणि याच गावी शंकराजी नारायण सचिव यांचीही समाधी आहे. तिन्ही नावे लक्षपूर्वक वाचावी. यांपैकी एकही मुख्य नायकाचे नाव नव्हे. अफजलखानाला मिळण्याचे आदिलशाही फर्मान आले असता जो मुलांसह शिवाजीमहाराजांकडे गेला आणि ज्याने वतनावर पाणी सोडले तो कान्होजी. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी, सय्यद बंडा महाराजांवर वार करीत असता, ज्याने त्याचा हात वरच्या वर उडविला तो जिवा. राजाराममहाराज जिंजीस असता ज्याने रामचंद्रपंत अमात्यांच्या बरोबरीने इकडचा मुलूख आणि किल्ले झुंजत राखिले, आणि ज्याच्या वंशाकडे पुढे भोरचे संस्थान चालले, तो शंकराजी. आंबवडे हे दुय्यम पात्रांचे गाव आहे. आणि आपल्या लोकांनी तेथे समाध्या बांधल्या.

'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण कोणा पंडिताने रचलेली नाही; ती लोकांच्या तोंडून आली. तिचे तोल पाहा. शिवाजीमहाराजांवर ज्या समाजाची अशी अलोट भक्ती, त्याच समाजाने महाराजांचे वाचणे निःसंकोचपणे दुसऱ्याच्या नावावर जमा केले. आणि तसे केल्याने महाराज लहान झाले असे कोणास कधी वाटले नाही. उलट, असा माणूस निवडून बरोबर नेण्यातच महाराजांचे थोरपण आहे, हे त्या अक्षरशत्रू म्हणविल्या जाणाऱ्या लोकांना उमगले होते. नायकाचा साथीदार जितका मोठा तितका नायक मोठा, हा त्यांचा हिशेब. आणि साथीदार जितका लहान तितका नायक मोठा दिसेल, हा नॉक्सचा हिशेब. या दोहोंतून आपण सुशिक्षितांनी दुसरा उचलला.

यावर कोणी म्हणेल की इतिहासातील वीर कोठे आणि कादंबरीतील डॉक्टर कोठे. ही तुलना अनुचित आहे. पराक्रमांची तुलना आम्ही करीतच नाही. ज्याने खरे रक्त सांडले त्याच्या पंक्तीस कागदावरचा मनुष्य बसत नाही. आम्ही तुलना करतो ती पाहणाऱ्यांच्या न्यायबुद्धीची. आणि तशी ती करावयाची तर १९१० ची 'द डेव्हिल्स फूट' ही कथा समोर ठेवावी. तीत होम्स एका विषारी मुळीचा धूर स्वतःवर अजमावून पाहतो. दोघेही त्या धुरात बसलेले; दोघांचीही शुद्ध हरपत चाललेली. त्या अवस्थेत वॉटसनला होम्सचा भीतीने पांढरा पडलेला चेहरा दिसतो, आणि तो स्वतःची गुंगी झुगारून, त्यास कवटाळून, खोलीबाहेर मोकळ्या हवेत ओढून नेतो. प्रयोगाची हौस होम्सची, अविचार होम्सचा. आणि प्राण वाचविणारा वॉटसन. कोकेनच्या सुईची गोष्ट तर याहून मोठी. 'द साइन ऑफ फोर'च्या आरंभी वैद्य या नात्याने निषेध करणारा वॉटसन, वर्षानुवर्षे चिकाटी धरून, होम्सला त्या व्यसनातून हळूहळू बाहेर काढतो, आणि १९०४ च्या एका कथेत जाता जाता, दोन वाक्यांत, ते नमूद करतो. त्याचा डांगोरा तो पिटीत नाही. अशा माणसाविषयी आंबवड्याच्या लोकांनी कोणती म्हण केली असती आणि आपण कोणती केली, हे वाचकांनीच ताडून पाहावे.

आपल्या रहस्यकथेच्या दालनात हीच दृष्टी शिरलेली दिसते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी माणसाला वाचनाची गोडी लावणारे बाबूराव अर्नाळकर यांचे ऋण मोठे आहे. आमच्या मते ते अद्याप पुरते फेडलेले नाही. तथापि त्यांनी होम्स-वॉटसनच्या धर्तीवर जोडी निर्माण केली तेव्हा नायकाचे नाव 'धनंजय', म्हणजे साक्षात अर्जुन, ठेवले, आणि साथीदाराचे 'छोटू'. बारशातच त्याची उंची कापली. दोष एकट्या अर्नाळकरांचा नाही. त्यांच्या वाचकांना साथीदार तसाच हवा होता. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी, जे उत्तरायुष्यात आपल्या पुण्यात राहिले, १९३२ पासून ब्योमकेश बक्षीच्या कथा लिहिल्या. त्यांतील अजित हा साहित्यिक आहे, ब्योमकेशाचा स्नेही आहे, त्याच्याशी बरोबरीने वाद घालतो. ब्योमकेशाचे तेज त्यामुळे तसूभरही उणे झाले नाही. म्हणजे हे करता येते. आम्ही ते केले नाही, इतकेच.

येथवर वॉटसनचा बचाव झाला. आता मूळ मुद्दा. बुद्धीचा हा जो एकेरी मान आपल्या घरांतून वाढला आहे, त्याची किंमत कोण देते? दोन मुलांपैकी जे मूल चटकन उत्तर देते त्याच्याकडे पाहुण्यांचे लक्ष वेधले जाते. आणि जे आजारी आजीच्या उशाशी बसून औषधाच्या वेळा वहीत लिहिते त्याला 'स्वभावाने गरीब आहे हो' असे म्हणून आपण बाजूला सारतो. त्या 'गरीब' शब्दातला तिरस्कार मोठ्यांना ऐकू येत नाही; त्या मुलाला येतो. प्रत्येक बाप आपल्या घरात होम्स जन्मावा म्हणून झटतो. पण समाज होम्सांवर चालत नाही. तो चालतो ते जे पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्या कारकुनांवर, रात्रभर जागणाऱ्या परिचारिकांवर, दडपण आले तरी जबानी न बदलणाऱ्या साक्षीदारांवर. गुन्हा कोणी केला हे एका बुद्धिमान मनुष्याने ओळखून भागत नाही. ते सामान्य माणसास पटेल अशा रीतीने सिद्ध व्हावे लागते. न्यायाची सारी इमारत त्या सामान्य माणसाच्या पटण्यावर उभी आहे.

आणि हे होम्सला पक्के ठाऊक होते. १९०४ च्या 'द ॲबी ग्रेंज' या कथेत तो एका खलाशाचा अपराध शोधून काढतो. पत्नीस छळणाऱ्या नवऱ्याशी झालेल्या झटापटीत त्या नवऱ्याचा मृत्यू झाला आहे. कायदा एक सांगतो, न्याय दुसरे. होम्स त्या खोलीतच न्यायालय भरवितो. आरोपी खलाशी, न्यायाधीश होम्स. आणि ज्यूरी कोण? ज्यूरी एकटा वॉटसन. होम्स त्यास सांगतो की या कामास तुझ्याहून लायक माणूस मला भेटलेला नाही, आणि वॉटसन निर्णय देतो: निर्दोष. खलाशी सुटतो. नॉक्सच्या नवव्या आज्ञेला यापरते दुसरे उत्तर नाही. जो सामान्य वाचकाहून किंचित कमी म्हणून हसण्यावारी नेला, त्याच्याच हाती जगातील सर्वांत बुद्धिमान डिटेक्टिव्हाने एका माणसाचे प्राण दिले.

ज्यूरी चुकत नाही काय? चुकते. १९५९ च्या नानावटी प्रकरणात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्णय पुढे उच्च न्यायालयाने फिरविला, हे आपल्याकडील जुन्या मंडळींना चांगले आठवते. पण होम्सही चुकतो. १८९३ च्या 'द यलो फेस'मध्ये तो साफ चुकतो. आणि चुकल्यावर वॉटसनला विनवितो की, यापुढे मी माझ्या शक्तीविषयी फाजील विश्वास बाळगू लागलो तर माझ्या कानात त्या गावाचे नाव हळूच सांगत जा. कानाशी असा मनुष्य असणे, आणि त्याचे ऐकून घेण्याइतकी अक्कल असणे, हे बुद्धिमत्तेचे शेवटचे कलम आहे. ज्याच्या कानाशी कोणी नाही असा बुद्धिमान मनुष्य घराला, संस्थेला आणि राष्ट्राला किती महाग पडतो, याची उदाहरणे देण्याची आवश्यकता नाही.

शेवटी मरेविषयी एक शब्द. मैवंदच्या त्या रणात वॉटसनला घोड्यावर टाकून आणणारा तो अर्दली. साठ कथांत त्याच्या वाट्यास जेमतेम एक वाक्य आले आहे. पण त्या एका वाक्यात वॉटसनने त्याचे नाव लिहिले, त्याची निष्ठा लिहिली, आणि धैर्य लिहिले. स्वतःच्या शौर्याविषयी त्या प्रसंगी तो अक्षर लिहीत नाही. मरे नसता तर वॉटसन नसता. वॉटसन नसता तर होम्स नसता, निदान आपणांस ठाऊक झाला नसता. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस बसून बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदानेही प्रतापगडाच्या हकीकतीत जिवा महालाचे नाव गाळले नाही. सभासद काय, वॉटसन काय, दोघेही जाणत होते की मोठ्या माणसाचे चरित्र खरे व्हावयाचे तर त्यास ज्यांनी वाचविले त्यांची नावे त्यात असावी लागतात. यापुढे घरातील कोणास 'वॉटसन' म्हणावयाचे असेल तर अवश्य म्हणावे. मात्र ज्याने आपली औषधे वेळेवर दिली, आपली चूक आपल्या कानात सांगितली आणि आपली फुशारकी लोकांत सांभाळून घेतली, त्यास म्हणावे. आणि म्हणताना हसू नये.